वाणाचा हक्क आणि बागेतली काडी : एका आक्षेपास उत्तर

सप्रेम नमस्कार.

द्राक्षाच्या नव्या वाणांवर पैदासकाराचा, म्हणजे तो वाण तयार करणाऱ्याचा, हक्क असावा, असे मी लिहिले होते. ज्या वाणामुळे फवारण्या कमी होतात, तो सर्वांचा असला पाहिजे आणि त्यावर मालकी सांगणे ही पर्यावरणाचीच अडवणूक आहे, असा आपला आक्षेप आहे. निफाडला आपली स्वतःची बाग असल्याने तो मी हलका मानत नाही.

शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांचे आपले उदाहरण रास्त आहे. सांगली जिल्ह्यात तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यात सोनाका हे वाण शेतकऱ्यांनीच थॉम्पसन या बिनबियांच्या वाणाच्या वेलींतून निवडले आणि ते काडीकाडीने, म्हणजे लागवडीसाठी छाटलेल्या फांद्यांच्या तुकड्यांनी, सर्वदूर पसरले. परंतु बागेत आपोआप वेगळी निघालेली वेल हेरणे निराळे आणि डावणी या बुरशीजन्य रोगाला दाद न देणारा वाण संकरातून घडवणे निराळे. त्यासाठी असंख्य रोपे वाढवून बहुतेक टाकून द्यावी लागतात आणि कित्येक वर्षे खर्ची पडतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या सरकारी संस्थांनी हा भार उचलावा, हे मलाही अधिक पसंत आहे. पण खासगी पैदासकाराने उचलला, तर त्याला मोबदला नाकारणे मला न्याय्य वाटत नाही.

एका बाबतीत मात्र माझे लेखन अपुरे होते. आपल्याकडे वनस्पतीला पेटंट मिळत नाही. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा वेलींच्या वाणांना जास्तीत जास्त १८ वर्षे संरक्षण देतो आणि त्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याची व देवाणघेवाणीची मुभा देते. तरीही परदेशी वाण लावताना होणाऱ्या करारात शेजाऱ्याला काडी देण्यास मनाई असते. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपला नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर दावे लावले आणि देशभर टीका झाल्यावर ते मागे घेतले. हक्काचा धाक कुठवर जातो, हे तेव्हा दिसले. डावणीचे बीजाणू तर वाऱ्यावर पसरतात. एका बागेने फवारणी कमी केली आणि भोवतालच्या बागा जुन्याच वाणावर राहिल्या, तर पर्यावरणाच्या पदरात फारसे पडत नाही. म्हणून पैदासकाराने मोबदला घ्यावा, पण प्रसार रोखू नये, अशी दुरुस्ती मी माझ्या भूमिकेत करतो.

त्यासाठी याच कायद्याचे कलम ४७ उपयोगी आहे. नोंदणीला तीन वर्षे झाल्यावरही लागवडीचे साहित्य वाजवी किमतीत मिळत नसेल, तर सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे पैदासकाराची संमती नसली तरी ते साहित्य तयार करून विकण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करता येतो. निफाड-दिंडोरीचे बागायतदार नोंदणी झालेल्या एखाद्या वाणासाठी असा अर्ज करणार असतील, तर त्याचा मसुदा करून देण्यास मी तयार आहे.