दरोडा घालायलास काय बे?

आज नवी पेठेत शेंगाचटणी घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं पावकिलोचा भाव ऐकला आणि गल्ल्यावरच्या पोरावर खेकसला, "दरोडा घालायलास काय बे?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

माझ्या आजीच्या डाव्या कानाची पाळी चिरून दोन फाका झालेली होती. अक्कलकोटकडं शेतातल्या वस्तीवर रात्री सात जण आले. कुडीची फिरकी निघेना, म्हणून एकानं तशीच ओढली. पुढं मरेपर्यंत तिनं त्या कानावरून पदर ढळू दिला नाही. दरोडा म्हणजे हे. पावकिलो चटणी नव्हे.

चोर तुम्ही झोपलात म्हणून येतो. वाटमाऱ्या आडरानात गाठतो. दरोडेखोर घर वेढतात आणि तुम्हाला उठवून लुटतात. कायदासुद्धा माणसं मोजतो: पाच किंवा जास्त जण असले तर दरोडा, चौघं असले तर जबरी चोरी. आधी भादंविचं ३९१ कलम होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१०. आजीला कलमं कुठली ठाऊक! पण सांगताना बोटं दाखवायची ती दरवेळी सातच. 'दरवडा' म्हणायची, जुन्या वळणाचं. आमच्या घरात काळच त्यावर मोजायचे. "तुझा बाप दरवड्याच्या नंतरचा."

बरं, शब्द सैल होतात, मान्य. धाड पूर्वी लुटारूंची पडायची, आता आयकरवाल्यांची पडते, आणि आई म्हणते "काय धाड भरलीय तुला?" इंग्रजांनी तर इथून जाताना 'लूट' हा शब्दसुद्धा सोडला नाही, डिक्शनरीत घालून नेला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे, आणि लिहावी की नको असं होतंय. त्या गिऱ्हाइकाला मी रागाच्या भरात काय म्हणालो? "गप रे भामट्या."

भामटा. जमातीचं नाव आहे ते. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आपल्याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट होती. तिथल्या माणसांना हजेरी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, शिवी आपल्या तोंडात राहिली. आजीही त्या सात जणांना भामटेच म्हणायची. अंधारात तोंडं बांधून आलेली माणसं, कोण होती कुणाला माहीत! पण तिला तिचा कान होता. मला काय झालं होतं?

माझा शाळेतला जिवलग सेटलमेंटमधला. आजीच्या हातची भाकरी आमच्या ओट्यावर बसून खाल्लीय त्यानं, तिच्या तोंडचा दरवडाही ऐकलाय. 'भामटे' आलं की तो खाली ताटाकडं बघायचा. हे मला आज चटणीची पुडी हातात घेऊन घरी येताना आठवलं, चाळीस वर्षांनी.

तो ही पोस्ट वाचेल. उद्या ये रे संध्याकाळी. चटणी आणलीय, भाकरी टाकायला सांगतो.