विद्यार्थ्यांचं नेतृत्व : मुख्याध्यापकांसाठी काही पथ्यं

तुमच्या शाळेत अजून विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने चालणारा पर्यावरण उपक्रम नाही? मग मागे राहू नका. काम अगदी सोपं आहे, पुढाकार तेवढा आपल्या हातात ठेवायचा.

आधी एक मंडळ काढा. त्याला नाव ठेवायचा अधिकार मुलांना द्या. नावं ठेवायचा देऊ नका. तारीख, खर्च, पाहुणे आणि भाषण तुम्ही बघा. मुलांना टोप्या आणि बिल्ले द्या, म्हणजे फोटोत नेतृत्व दिसतं. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत. पण शिडीवरून मूल पडलं तर पालकांना उत्तर कोण देणार? तेव्हा तिसरीच्या वर कुणाला चढू देऊ नका.

इको-स्कूल्स नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९४ पासून चालतो. त्यात सात टप्पे आहेत. समिती, परीक्षण, कृती आराखडा असं करत करत शाळेला सन्मान म्हणून हिरवा झेंडा मिळतो. समिती झाली की सुज्ञांनी थेट झेंड्याची चौकशी करावी. मधलं ते परीक्षण फार वाईट. त्यात मुलं मोजतात.

आणि एकदा मोजायला लागली की थांबत नाहीत. आठवीतली एखादी मुलगी शनिवारी शाळा सुटल्यावर विजेच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवते. सोमवारी घंटेच्या आधी येऊन पुन्हा उतरवते, वजाबाकी करते आणि तुमच्या टेबलासमोर उभी राहते : "सर, रविवारी शाळेत कुणी नव्हतं, मग एवढी वीज कुणी वापरली?" आता पाण्याचा कूलर, संगणक कक्षातली चालू राहिलेली यंत्रं आणि तुमच्याच खोलीतला एसी यांची नावं तिच्यासमोर घेणार का? मीटरच्या खोलीला कुलूप लावा आणि कारण सुरक्षिततेचं सांगा. मग तिलाच 'वीज वाचवा' या विषयावर भित्तिपत्रक करायला बसवा. रंग शाळेकडून द्या, कंजूषपणा नको.

नळाचंही तेच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब गाळतो, हे गणित कुठलंही पोर करतं. वॉशर बदलायला प्लंबर लागतो, प्लंबरला मंजुरी लागते, मंजुरीला बैठक लागते. त्यापेक्षा नळावर 'पाणी हेच जीवन' अशी पाटी लावा. पाटीला बैठक लागत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या शाळांमध्ये नव्वदच्या दशकात एक भलतीच सवय लावली गेली. मुलं-शिक्षकांनी वीज आणि उष्णता वाचवली की वाचलेल्या पैशांतला अर्धा वाटा शाळेलाच परत मिळायचा. ही बातमी मंडळाच्या कानावर जाऊ देऊ नका. पोरं उद्या हिशेब मागतील.

खताचा खड्डा मात्र जरूर करा. ओल्या कचऱ्यात कोरडा पाला मिसळायचा आणि अधूनमधून खालीवर करून हवा लागू द्यायची, एवढं केलं की खत होतं, वास येत नाही. म्हणून उद्घाटन लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा. खालीवर करायला कुणी नसतं, आणि कोरडा पाला तुम्ही मागच्या मैदानात जाळतच असता. सुट्टी संपेपर्यंत असा वास सुटतो की खड्डा बुजवण्याची मागणी पालकच करतात. तुमच्यावर बोट येत नाही. वृक्षारोपणाबद्दल मी काय सांगणार, त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी हवामान बदलावर काहीतरी करा म्हणत २०१८ च्या ऑगस्टमध्ये शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर जाऊन बसली. तिचं चित्र काढणाऱ्याला पहिलं बक्षीस द्या. तिच्यासारखं बाहेर जाऊन बसणाऱ्याच्या घरी चिठ्ठी पाठवा.

एवढं करूनही ती आठवीतली मुलगी वही घेऊन येतच राहिली, तर चिडू नका. तिचं कौतुक करा, अहवालात तिचा फोटो छापा, 'तुझी सूचना विचाराधीन आहे' असं दर महिन्याला गोड शब्दांत सांगा. विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गुण हा की ते पास होऊन निघून जातात. दोनेक वर्षं कळ काढली की तिची शेवटची परीक्षा येते, मंडळ नव्या मुलांकडे जातं आणि ती पुन्हा मंडळाच्या नावापासून सुरुवात करतात. फक्त जाताना तिने ती वही सातवीतल्या कुणाला दिली नाही ना, तेवढं शिपायाला बघायला सांगा.