अजून थोडा टील करा ना!

‘सगळे फोटो ब्रँडच्या रंगात आणून द्या.’ फोटो सुधारून देणं हे माझं काम, आणि क्लायंटचा एवढा एका ओळीचा मेल. सोबत गाइडलाइनची पीडीएफ, त्यात पाच चौकोन आणि प्रत्येकाखाली हेक्स कोड, म्हणजे रंगाचा संगणकी क्रमांक. टील (निळसर हिरवा), मोहरी पिवळा, जवळपास काळा, ऑफ-व्हाइट आणि कसलासा पीच. आता मला सांगा, या पाचांत माणसाच्या कातडीचा रंग कुठे आहे? गवताचा? लाकडी टेबलाचा? वेबसाइटवर हसरी माणसं तर हवीत, पण माणसाच्या रंगाची नकोत!

आणि फोटो येतात कसले? एक खिडकीजवळचा, एक ट्यूबलाइटखालचा, एक मावळत्या उन्हातला, एक कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापलेला. एकेका फोटोतसुद्धा दोन-दोन उजेड. डावीकडून खिडकीचा निळसर, साधारण 6500 केल्विनचा (उजेडाच्या छटेचं माप), उजवीकडून 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बचा. उजेडाची पिवळी-निळी झाक काढणारा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर मात्र एकच. खिडकीकडची बाजू सुधारली की बल्बकडचा गाल केशरी होतो, गाल सुधारला की खिडकीकडची भिंत निळी पडते. मग बसा मास्क आखत, म्हणजे एकेक भाग वेगळा निवडून सुधारत. हे सगळं निस्तरल्यावर कुठे ब्रँडच्या रंगाची पाळी येते. मेलमध्ये याला ‘छोटंसं करेक्शन’ म्हणतात.

पण खरं डोक्यात जातं ते कलर पिकरचं खूळ, म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्याच्या रंगाचे आकडे दाखवणारं साधन. कुणीतरी या मंडळींना ते ड्रॉपरचं चिन्ह दाखवून ठेवलंय आणि तेव्हापासून माझे भोग सुरू झालेत. स्क्रीनशॉट येतो, लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांसकट: ‘आपला टील 0, 128, 128 आहे, इथे 22, 117, 111 येतोय. प्लीज चेक.’ अहो, तो फोटोतला कापडी पडदा आहे! त्याला चुण्या आहेत. चुणीच्या आत सावली, वर उजेड. शेजारच्या पिक्सेलवर क्लिक करा, दुसराच आकडा येईल. सगळा पडदा 0, 128, 128 केला तर चुण्या, सावली, कापड सगळं जाऊन सपाट चौकोन उरेल. तो तुमच्या पीडीएफमध्ये आहेच की, तोच लावा.

आणि समजा आकडा तंतोतंत जुळवला, तरी डोळ्याला तो जुळलेला दिसेलच असं नाही. हे काही आजचं दुखणं नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणायचे, तिथे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. रंगविभाग सांभाळणाऱ्या शव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. यावर त्याने 1839 साली जाडजूड पुस्तक छापलं. त्यालाही कुणी ‘प्लीज चेक’ म्हणालं असणार. माझ्या पडद्याशेजारी तुमचं मोहरी बटण ठेवलंत, तर टील वेगळा भासणारच ना!

चेहऱ्यांचं तर बोलूच नका. कातडीचा कुठलाही वर्ण घ्या, मुळात तो केशरीच्या आसपासचा असतो आणि टील रंगचक्रावर त्याच्या जवळपास विरुद्ध टोकाला. फोटोवर टीलची छटा चढवली की धडधाकट माणूस आजारातून नुकताच उठल्यासारखा दिसतो. केशरी स्लायडर पीचकडे ढकलला की टेबलही त्याच्यासोबत जातं, कारण लाकूड आणि गाल त्या स्लायडरला सारखेच. बरं, हे ओढताण सहन करायला फाइलमध्ये जीव तर हवा! मी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल मागते, जिथे 12 किंवा 14 बिटांची, म्हणजे छटांची भरपूर माहिती असते. हातात पडतो फॉरवर्ड होऊन होऊन चेपलेला 8 बिटांचा जेपेग. त्याचं आकाश जरा ओढलं की पट्टे उमटतात. मग विचारणा, ‘आकाशाला रेघा का आल्यात?’

रात्री उशिरा मेसेज, ‘सगळं पिवळट वाटतंय.’ वाटणारच, फोनचा नाइट मोड चालू आहे. सकाळी तोच फोटो ‘फार भडक’ असतो. मी वेबसाठी एसआरजीबी या ठरावीक रंगपट्ट्यात काम करते, हे मानक 1996 पासूनचं आहे. बघणाऱ्यांपैकी एकाचा फोन रुंद रंगपट्ट्याचा, दुसऱ्याचा लॅपटॉप जुना आणि फिका, तिसरा ब्राइटनेस तळाला नेऊन बसलेला. तिघांचे तीन अभिप्राय आणि तिन्ही ‘फायनल’.

एकाने तर विकायच्या मालाचाच रंग पॅलेटमध्ये बसवायला सांगितला. खोक्यातून दुसराच रंग निघाला की गिऱ्हाईक माल परत पाठवणार, एवढंही कळू नये? मी सरळ नाही म्हटलं. त्यावर उत्तर, ‘थोडासाच करा.’

यावर उपाय आहेत. शूटच्या आधी पॅलेट दाखवा. कपडे, भिंत, खुर्ची त्यातली निवडता येते. ते नसेल जमत तर फोटो नीट राहू द्या आणि पट्ट्या, बटणं, मोकळी जागा ब्रँडच्या रंगात घ्या. तेही नको असेल तर सगळे फोटो सरळ डुओटोन करू, गडद भाग टील, उजळ भाग ऑफ-व्हाइट, सगळे एका घरातले दिसतील. हे मी नमुन्यांसकट पाठवलं. उत्तर आलं: ‘छान आहे, पण नॅचरल ठेवा. आणि अजून थोडा टील करा ना.’