बैलाचा कायदा लिहिताना गाडीवानाला कुणी विचारलं?

फेब्रुवारीत आमच्या उसाला तोड आली. टोळी जत तालुक्यातली. सकाळी चहा घेऊन फडात गेले, तर गाडीवान बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळत बसलेला. लिंबाएवढी गाठ आली होती. गाडी जास्त भरत असणार असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "भरल्या गाडीचं एवढं न्हाई ताई. कारखान्यावर रांगेत जू घिऊन उभं ऱ्हायचं, त्यानं खांदा जातोय. सोडलं तर नंबर जातोय. चिठ्ठी दिली तर बैलं सोडून सावलीला बांधीन की."

इतकी वर्षं वाळवा तालुक्यात राहून, दर हंगामात त्या रांगा बघून, मला हे माहीत नव्हतं.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांवर नको, पारा ३७ अंशांपुढे गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, टोचायची टोकदार आर वापरायची नाही. नियम चांगलेच आहेत. पण रांगेतले तास कोण मोजतं? मी त्या दिवशी फडात पाच-सहा जणांना विचारलं. यातला एकही नियम कुणी ऐकलेला नव्हता.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो बदलायचा म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला आणि ७ डिसेंबरपर्यंत लोकांच्या सूचना मागवल्या. मसुद्यात भूक-तहान, वेदना, भीती यांपासून प्राण्याला मुक्ती असावी हे तत्त्व घेतलं होतं, आणि मला ते मनापासून पटतं. पण मुदत जेमतेम पंधरवड्याची, आणि ती नेमकी ऊस हंगामात. ज्या माणसांच्या हातात रोज कासरा असतो, ती तेव्हा पहाटे तीनला उठून फडात होती. त्यांना सूचना द्या म्हणून कोण सांगणार होतं?

शर्यतीच्या बैलाचा वाद सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चालला. ७ मे २०१४ ला बंदी, १८ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल. दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. उसाच्या बैलाची बाजू मांडायला कुणी नाही, कारण त्याचा मालक मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांत, म्हणजे उचलीत, अडकलेला. खांदा सुजला म्हणून चार दिवस बैल बसवायचा, तर उचल फिटत नाही. अशा माणसाचा नुसता दंड वाढवून बैलाचा खांदा बरा होईल, असं मला वाटत नाही.

२०२२ मध्येच इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली तिसरं चाक बसवून मानेवरचा भार कमी करणारं 'सारथी' तयार केलं. आपल्याच भागातली मुलं! त्याच्या फोटोचं कौतुक देशभर झालं. आमच्या फडात आलेल्या एकाही गाडीला मात्र ते चाक नव्हतं.

मसुदे मराठीत यावेत, हंगाम सरल्यावर यावेत, ग्रामसभेत वाचले जावेत, खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात वाचले जावेत. पशुवैद्यक, नालबंद, गाडीवान, प्राणिमित्र एका सतरंजीवर बसावेत. प्राणिमित्रांवर माझा राग नाही, रस्त्यावरची जखमी जनावरं तीच उचलतात. पण गाडीवानाला फक्त आरोपी समजून बोलणं सुरू केलं, की तो गप्प बसतो आणि त्याला जे कळतं ते त्याच्यापाशीच राहतं.

दिल्लीची वाट न बघता एक गोष्ट मला करता येते. वडिलांच्या पश्चात कारखान्याचा शेअर माझ्या नावावर आहे. यंदाच्या वार्षिक सभेत विषय घ्यावा म्हणून अर्ज लिहितेय: बैलगाड्यांना नंबराची चिठ्ठी, कारखान्याच्या अड्ड्यावर, गाड्या थांबतात तिथे, सावली आणि पाण्याचा हौद. सभासदांनो, तुमच्या सह्या हव्यात. ज्याच्या उसाची एक तरी खेप बैलाने ओढली, त्याची सही हवीच.

बैलांचा सण बेंदूर तोंडावर आलाय, आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करू. त्या गाडीवानाकडे कर्नाटकी बेंदूर होऊनही गेला असेल. अर्ज द्यायच्या आधी त्याला फोन करून वाचून दाखवणार आहे, काही राहिलंय का विचारायला. गाठ उतरली का, तेही विचारायचंय.