आप्पांच्या खिडकीतली दोन पोरं

दुपारी मैत्रिणीचा फोन आला, नुसती रडत होती. तिच्या बाबांना रात्री हॉस्पिटलमध्ये भास व्हायला लागले, आरडाओरडा केला, म्हणून हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भास आवरायचं, इंजेक्शन दिलं आणि आता माणूस लाकडासारखा पडलाय. फाइलवर लुई बॉडी डिमेन्शिया लिहिलेलं आहे, विसर, भास, कंप आणि झोपेतली धडपड असं सगळं एकत्र आणणारा मेंदूचा आजार, ज्यात हे इंजेक्शन धोक्याचं. लिहिलेलं आहे हो! वाचलं कुणी नाही. संतापाने हात थरथरतायत माझे.

कारण आमच्या आप्पांचं अगदी हेच झालं होतं.

आप्पांना तिन्हीसांजेला खिडकीत दोन लहान पोरं दिसायची. गप्प उभी. "अगं, काहीतरी खायला दे त्यांना, केव्हाची आलीयत." आत्या म्हणाली बाहेरचं आहे, नारळ उतरवा, आम्ही तोही उतरवला. एका डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं, दुसऱ्यांनी पार्किन्सन्स, भासांसाठी तिसऱ्यांकडे जा म्हणाले, आणि आप्पा सकाळी शब्दकोडं सोडवायचे अन् दुपारी मलाच ओळखायचे नाहीत, त्यामुळे नातेवाइकांना वाटायचं नाटक करतात. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, आई शेवटी खाली गादी टाकून झोपायला लागली. त्या झोपेबद्दल एकानेही विचारलं नाही, एकानेही!

मग अ‍ॅडमिट असताना एका रात्री तेच इंजेक्शन. पुढचे वीस दिवस आप्पांना घास गिळता येईना.

जपानच्या डॉ. केन्जी कोसाकांनी १९७६ मध्ये या आजाराचा पेशंट जगापुढे मांडला. अशी औषधं या पेशंटना किती जिवावर बेतू शकतात हे १९९२ पासून छापून आलेलं आहे. हॉलिवूडचा नट रॉबिन विल्यम्ससारख्या माणसालाही जिवंतपणी पार्किन्सन्सच सांगितला होता, लुई बॉडी कळलं २०१४ मध्ये गेल्यावर, मेंदू तपासला तेव्हा. मग आपल्याकडच्या आप्पांचं काय?

मान्य आहे, रात्रपाळीच्या डॉक्टरवर वॉर्डभर पेशंट असतात आणि सलाइन उपटणाऱ्या माणसाला आवरावं लागतंच. पण फाइल उघडायला किती वेळ लागतो?

मला एवढंच हवंय की कंप, विसर, भास आणि झोप हे सगळं एकाच ठिकाणी, एकत्र बसून बघणारी ओपीडी असावी, मोठ्या शहरांत तरी. आणि यावर आपल्याकडे रिसर्च व्हावा. बेंगळुरूच्या निम्हान्स हॉस्पिटलात मेंदूपेढी आहे, म्हणजे गेलेल्या माणसाचा मेंदू रिसर्चसाठी दान घेतात, हे मला आप्पा गेल्यावर कळलं. आधी कळतं तर आम्ही नक्की विचारलं असतं, आप्पा शिक्षक होते, त्यांना आवडलं असतं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी तासभर बसून सगळं ऐकून घेतलं, रिव्हास्टिग्मिन नावाच्या डिमेन्शियावरच्या औषधाचा, अंगाला चिकटवायचा पॅच सुरू केला. पोरं हळूहळू यायची कमी झाली. एका संध्याकाळी आप्पांनीच विचारलं, "आज पोरं नाही आली गं? घरी पोचली असतील ना?" मी म्हटलं, पोचली आप्पा.

आत्ता बसून मोठ्या अक्षरात कार्ड लिहिलंय: "मला लुई बॉडी डिमेन्शिया आहे. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय हॅलोपेरिडॉल देऊ नका." सकाळी लॅमिनेट करून मैत्रिणीच्या बाबांच्या उशाशी लावणार आहे. कुणाला हवं असेल तर मेसेज करा, फोटो पाठवते.