अणुभट्टी आली की बॉम्ब आला? थांबा ना बावा

आमच्या इकडं नागपुरात सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय. "वीज हे नुसतं नाटक, भट्टीतलं युरेनियम म्हणजेच बॉम्ब, ज्याच्याकडे भट्टी त्याच्याकडे बॉम्ब, तपासणीवाले चहा पिऊन जातात, सगळ्या भट्ट्या बंद करा." यात एक गोष्ट खरी पण आहे, म्हणून नुसतं डिलीट नाही केलं.

आधी युरेनियम. खाणीतल्या मालात कामाचं यू-235, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार, फक्त 0.7 टक्के असते. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, त्यांना तेवढंच चालते, तारापूरच्या जुन्या दोन युनिटला यू-235 चं प्रमाण थोडं वाढवलेलं लागते, तेही 5 टक्क्यांच्या आत, आणि बॉम्बला लागते साधारण 90. पण गंमत अशी की 0.7 वरून 4 वर नेण्यातच बहुतेक मेहनत होऊन जाते, पुढचं फटाफट होते. म्हणून घाबरायचंच असेल तर सेंट्रीफ्यूजच्या (गरगर फिरवून यू-235 चं प्रमाण वाढवणाऱ्या यंत्रांच्या) कारखान्याला घाबरा, पाकिस्ताननं कहुट्याला तेच उभारलं होतं, वीजघर नाही.

"भट्टी तिथं बॉम्ब" म्हणाल तर अणुवीज बनवणारे देश तीसच्या आसपास आहेत, बॉम्बवाले नऊ. आता ती खरी गोष्ट: 1974 च्या पोखरणचं प्लुटोनियम (भट्टीत युरेनियमपासून तयार होणारा, बॉम्बला चालणारा दुसरा माल) ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं आणि ती कॅनडानं शांततेच्या कामासाठी दिली होती. हे लपवायचं काही कारण नाही. पण सायरस वीजघर नव्हतं, रिसर्चची भट्टी होती, तिच्यावर आंतरराष्ट्रीय तपासणी नव्हती, आणि जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायला वेगळा रिप्रोसेसिंग प्लँट लागला. त्यानंतरच तर अणुसामान विकणाऱ्या देशांनी आपला ग्रुप बनवून नियम कडक केले.

चहावाला मुद्दा अर्धवट आहे. तपासणीवाले, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची (IAEA) माणसं, सील लावतात, कॅमेरे बसवतात, भिंती पुसून नमुने नेतात. 1992 मध्ये उत्तर कोरियानं प्लुटोनियमचा हिशोब कमी दाखवला, नमुन्यांनीच ते पकडलं. इराकमध्ये मात्र ते फसले, कारण जाहीर केलेल्या जागाच बघायच्या असा प्रकार होता, म्हणून 1997 मध्ये जास्तीचा करार आला, ज्यात लपवलेल्या जागांपर्यंत जाता येते. उत्तर कोरिया 2003 मध्ये बॉम्ब न बनवण्याच्या मूळ करारातूनच (NPT) निघाला आणि 2006 मध्ये स्फोट केला. ओरडून सांगणं तपासणीवाल्याचं काम, थांबवणं सरकारांचं.

राहिलं "बंद करा". कॅन्सरच्या शेकाचं कोबाल्ट-60 रावतभाटासारख्या वीजभट्ट्यांत तयार होते, ते कुठून आणता? आणि रशियाच्या बॉम्बांमधलं 500 टन युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या वीजघरांत जाळलं, 2013 पर्यंत, तिथली साधारण दहा टक्के वीज त्याच्यावर चालायची. भट्ट्या नसत्या तर ते कुठं जाळलं असतं, हे फॉरवर्डवाल्या भाऊनं लिहिलंच नाही.