पाचवी मिती, उडणारं फॉइल आणि आपलं कॅट

सध्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंत इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोबत व्हिडिओ आहे: चंदेरी फॉइलचा तिकोनी सांगाडा टेबलावरून अधांतरी उठतो. मजकूर थोडक्यात असा: '१९१९ मध्ये कालुत्सा नावाच्या जर्मन गणितज्ञाने पाचव्या मितीतून सिद्ध केलं की वीज आणि गुरुत्वाकर्षण एकच आहेत. आइन्स्टाइनने ते दोन वर्षं दाबून ठेवलं. विजेने गुरुत्वाकर्षण घालवता येतं, पुरावा व्हिडिओत. आपल्या कॅटमध्ये (म्हणजे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) गुपचूप हेच चालतं. आपल्या पूर्वजांना तर भूः, भुवः वगैरे सात लोक माहीत होतेच.' पाठवणारे काका वडिलांच्या वयाचे, त्यामुळे ग्रुपवर वाद घातला नाही. पण मेसेजात थोडं खरंही आहे, आणि ते खोट्यापेक्षा कितीतरी रंजक आहे.

आधी 'सिद्ध केलं' हे बघू. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं चार मितींची, तीन अवकाशाच्या आणि एक काळाची. थिओडोर कालुत्साने तीच पाच मितींत लिहिली आणि एक अट घातली: पाचव्या दिशेने कितीही सरकलं तरी काहीच बदलत नाही. चार मितींची भूमिती सांगायला १० राशी लागतात, पाच मितींची सांगायला १५. जास्तीच्या पाचांपैकी चार राशी थेट मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकत्वाच्या नियमांनी वागू लागल्या. मॅक्सवेलला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, तो आपणहून पंगतीला येऊन बसला! हे गणित आजही पाहताना अंगावर काटा येतो.

पण दोन नियम एका चौकटीत बसले म्हणजे दोन्ही बलं एकच झाली असं होत नाही, आणि चौकट खरी ठरवायची तर तिने काहीतरी नवं सांगावं लागतं. नवं होतं ते पंधराव्या राशीत, आणि घोडं तिथेच अडलं. ती राशी स्थिर मानली, तर समीकरणं म्हणतात की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं सगळीकडे ठरावीक प्रमाणातच असली पाहिजेत. मग केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा, ज्याच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं पण चुंबकीय नसतं, तोही नियमबाह्य ठरतो. राशी बदलती ठेवली, तर निसर्गात आणखी एक क्षेत्र मानावं लागतं, आणि ते आजवर सापडलेलं नाही.

१९२६ मध्ये स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइनने विचारलं, ही मिती दिसत का नाही? त्याचं उत्तर: ती चिमुकल्या वर्तुळासारखी गुंडाळलेली आहे. लांबून शेवेची काडी नुसती रेघ वाटते, जवळून तिचा गोलवा दिसतो, तसं. (फक्त शेवेला आत पीठ असतं, या वर्तुळाला 'आत' असं काही नाही.) या गुंडाळीतून विद्युतभार ठरावीक पटींतच का मिळतो, याचं देखणं कारण निघालं. पण इलेक्ट्रॉनच्या भारावरून घेर काढला तर तो १०चा उणे ३२वा घात, इतके मीटर येतो, आणि इतक्या तंग वर्तुळात फिरणारा भारित कण खऱ्या इलेक्ट्रॉनपेक्षा १ वर २० शून्यं इतक्या पटीने किंवा त्याहूनही जड निघतो. एवढी तफावत असताना 'सिद्ध' म्हणणं धाडसाचं आहे.

आइन्स्टाइनने दाबलं? एप्रिल १९१९ मध्ये कालुत्साचं पत्र मिळाल्यावर त्याने कल्पनेचं मनापासून कौतुक केलं, मग शंका काढल्या. त्यातली मोठी शंका इलेक्ट्रॉनबद्दलच होती, म्हणजे रास्त. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यानेच पुन्हा लिहिलं की तुम्हाला थांबवलं याचा फेरविचार करतोय, आणि ८ डिसेंबर १९२१ ला प्रशियन अकादमीपुढे लेख सादर केला तोही त्यानेच. पुढे कालुत्साला प्राध्यापकपद मिळावं म्हणून शब्दही टाकला. दडपणारा माणूस असं वागत नाही.

आता व्हिडिओ. तो खोटा नाही, सांगाडा खरंच उठतो. नीट पाहा: वर बारीक तार, खाली फॉइलची पट्टी, मध्ये हलक्या लाकडाच्या काड्या, आणि जोडलेला दाब हजारो व्होल्टचा. तारेजवळ हवेचे रेणू भारित होतात, फॉइलकडे धावतात आणि वाटेत बाकीच्या हवेला खाली ढकलतात. त्या वाऱ्याच्या प्रतिक्रियेने सांगाडा वर जातो. तो उलटा केला तर खाली रेटला जातो. गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं असतं, तर उलटसुलट केल्याने फरक पडायचं कारण नव्हतं. (घरी करून बघू नका, एवढ्या व्होल्टशी गंमत नको.)

बरं, वीज भरली की वस्तू हलकी होते म्हणावं, तर हिशोब उलटाच लागतो. ई-रिक्षाची ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात सुमारे ४.८ युनिट ऊर्जा साठते. ऊर्जेलाही वस्तुमान असतं, त्यामुळे ती सुमारे ०.२ मायक्रोग्रॅमने जड होते.

कॅटचं म्हणाल, तर तिथे गुपचूप काही नाही. तिथल्या इंडस-२ या कणवेगवर्धक यंत्राच्या सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थांचा अभ्यास होतो, आणि बाहेरचे संशोधकही तिथे काम करायला येतात. एक फेरी ०.६ मायक्रोसेकंदाच्या आतच होते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने इलेक्ट्रॉन किती खाली पडेल? अणूच्या व्यासाचा जेमतेम साठावा भाग. चुंबक मात्र त्याला तेवढ्यातच पूर्ण गोल वळवून आणतात. दोन्ही बलांमधली दरी इंदुरात कुठे दिसत असेल तर ती इथे.

सात लोकांबद्दल एवढंच: मिती म्हणजे दिशा, राहण्याची जागा नव्हे. भूः, भुवः, स्वः ही मोजणी वेगळ्या कामाची आहे, तिला या गणितात ओढून काही साधत नाही.

बाकी पाचवी मिती नाहीच, असंही कुणी दाखवलेलं नाही. अधिक मितींची कल्पना पुढे स्ट्रिंग सिद्धांतात (मूलकण म्हणजे सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या) परतली, आणि प्रयोगही चालू आहेत. पिळाच्या तराजूने अगदी थोड्या अंतरावरचं गुरुत्वाकर्षण मोजतात, जास्तीची मिती पुरेशी मोठी असेल तर तिथे न्यूटनचा वर्गव्यस्त नियम (अंतर दुप्पट, तर ओढ एक चतुर्थांश) मोडायला हवा. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अंतरापर्यंत तो मोडलेला नाही. क्लाइनचं वर्तुळ त्याच्याही खाली, आणखी २७ शून्यं पलीकडे आहे.